आडनाव विचारून टाइप ठरत नाही

“कंपायलरांचे भेद एका फाइलीत कोंडून टाका. टाइप्स.एच नावाचं हेडर करा, त्यात प्रत्येक कंपायलरसाठी एकेक इफडेफ लिहा, यू८, यू१६, यू३२ असे आपले टाइप बनवा आणि पुन्हा त्या भानगडीकडे ढुंकूनही पाहू नका.” सी भाषेत मुरलेल्या माणसाला शेअर्ड हेडर कसं लिहावं असं विचारलं, की बहुधा हेच उत्तर मिळतं. सल्ला देणारे कच्चे नसतात. त्यांनी चार-पाच कंपायलरांवर कोड चालवून दाखवलेला असतो आणि म्हणूनच त्यांचं म्हणणं नवखे लोक निमूटपणे मानतात. माझा वाद याच सल्ल्याशी आहे. एका प्रोग्रॅमच्या पोटात, स्वतःपुरता तो चालून जातो. पण जे हेडर दुसऱ्याच्या हातात जाणार आहे, त्यासाठी तो घातक आहे.

आधी त्याच्या बाजूने जे आहे ते मान्य करू. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकाने इंट किमान १६ बिटांचा आणि लाँग किमान ३२ बिटांचा असावा, एवढंच सांगितलं आणि बाकीचं कंपायलरवर सोडलं. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या दोन पिढ्या टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर वाढल्या. तिथे इंट दोन बाइटांचा होता आणि तोंडी परीक्षेत तेच उत्तर बरोबर धरलं जाई. ३२ बिटांच्या कंपायलरवर तोच इंट चार बाइटांचा झाला. पुढे ६४ बिटांचे संगणक आले तेव्हा युनिक्सच्या जगाने लाँग ६४ बिटांचा केला, तर मायक्रोसॉफ्टने तो ३२ वरच ठेवला, कारण विंडोजचा डीवर्ड हा टाइप अनसाइन्ड लाँगवर बेतलेला होता आणि तो असंख्य स्ट्रक्चरांमध्ये बसला होता. सी९९ ने स्टडइंट.एच दिलं खरं, पण मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सीमध्ये ते आलं २०१० साली. मधली अकरा वर्षं ज्यांना विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे माल पोचवायचा होता, त्यांना इफडेफची शिडी उभारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तेवढ्यासाठी मी कुणालाही दोष देणार नाही.

पण शिडी उभारणं ही त्या काळाची अडचण होती. ती आता पद्धत म्हणून शिकवली जाते, हे मला मान्य नाही.

हेडर इतर कोडपेक्षा वेगळं का, हे आधी नीट पाहायला हवं. सीचा लिंकर फक्त नावं जुळवतो. फंक्शनचं नाव दोन्हीकडे एक असलं की त्याचं काम झालं. त्या फंक्शनला दिलेलं स्ट्रक्चर एका बाजूने ४० बाइटांचं धरलं आणि दुसऱ्या बाजूने ४८ चं, तरी त्याला पत्ता नसतो. .सी फाइल एकदा कंपाइल होते, तिच्यातली चूक तिच्यापाशीच राहते. हेडर मात्र निदान दोनदा वाचलं जातं. एकदा लायब्ररी बांधणाऱ्याकडे आणि एकदा ती वापरणाऱ्याकडे. दोघांचे कंपायलर वेगळे, स्विच वेगळे, त्या हेडरच्या आधी इन्क्लूड केलेल्या फायली वेगळ्या. या दोन वाचनांतून दोन अर्थ निघाले, तर ते सांगणारं यंत्रणेत कुणीही नाही. प्रोग्रॅम बांधला जातो, चालूही लागतो आणि कधीतरी भलत्याच ठिकाणी कोसळतो.

लिबजेपेगचं उदाहरण घेऊ, कारण या लायब्ररीच्या वाट्याला हे सगळं आलं. १९९१ पासून चालत आलेली ही लायब्ररी, आणि तिची १९९८ ची ६बी ही आवृत्ती पुढे कित्येक वर्षं जिथे तिथे वापरली गेली. लिहिणारे अत्यंत काटेकोर. तिच्या हेडरमध्ये बूलियन नावाचा टाइप आहे आणि तो साधा इंट आहे, म्हणजे चार बाइटांचा. पण विंडोजच्या स्वतःच्या हेडरांपैकी एकात, आरपीसीच्या व्यवस्थेसाठी, नेमकं हेच नाव अनसाइन्ड चारला दिलेलं आहे, म्हणजे एक बाइट. टक्कर होऊ नये म्हणून लिबजेपेगच्या लेखकांनी व्हिज्युअल सीसाठी वेगळी कॉन्फिगरेशन फाइल दिली. तिच्यात ‘विंडोजच्या रिवाजाप्रमाणे’ बूलियन एक बाइटाचा केला आणि विंडोजचं ते हेडर आधीच वाचलं गेलं असेल तर व्याख्या टाळली. शिडीला जेवढी काळजी घेता येते तेवढी घेतली होती.

तरी काय होतं? समजा, लायब्ररी एका कंपायलरने बांधली आणि तिथे बूलियन चार बाइटांचा ठरला. वापरणाऱ्याने व्हिज्युअल सीमध्ये, विंडोज.एच आधी इन्क्लूड करून तेच हेडर वाचलं आणि त्याच्याकडे बूलियन एक बाइटाचा झाला. डीकम्प्रेशनच्या मुख्य स्ट्रक्चरमध्ये बूलियनची बरीच फील्डं आहेत. त्यांच्यापुढचं सगळं सरकलं. दोघांनी एकच मुख्य हेडर वाचलं, त्यातलं अक्षरही बदललं नाही, पण स्ट्रक्चरं दोन झाली.

लिबजेपेग इथे निमूटपणे कोसळत नाही, तर स्पष्ट तक्रार करते, की लायब्ररीच्या मते स्ट्रक्चरचा आकार इतका आहे आणि वापरणाऱ्याच्या मते तितका. याचं कारण शिडी नाही. डीकम्प्रेसर सुरू करणारं फंक्शन मॅक्रोमधून बोलावलं जातं आणि तो मॅक्रो आवृत्तीचा क्रमांक आणि वापरणाऱ्याच्या बाजूने मोजलेला स्ट्रक्चरचा आकार गुपचूप सोबत पाठवतो. लायब्ररी आपल्या मापाशी तो ताडून पाहते. झेडलिबसुद्धा हेच करते, तिची सुरुवातीची फंक्शनं आवृत्ती आणि आकार दोन्ही मागतात. ज्यांनी शिड्या सर्वांत काळजीपूर्वक लिहिल्या, त्यांनाच आपल्या शिडीवर भरवसा नव्हता. शिडीचे समर्थक या लायब्ऱ्यांची नावं घेतात तेव्हा एवढा भाग नेमका वगळतात.

लिबजेपेगच्या हेडरमध्ये आणखी एक नमुना आहे. इंट३२ नावाचा टाइप, आणि त्याची व्याख्या लाँग. म्हणजे ६४ बिटांच्या लिनक्सवर इंट३२ नावाचा माणूस ६४ बिटांचा! किमान ३२ बिटं मावली पाहिजेत एवढंच त्या लेखकांना हवं होतं, त्यामुळे त्यांच्या आतल्या हिशेबात काही बिघडलं नाही. पण हे नाव एक्स११ च्या हेडरमध्येही आहे आणि विंडोजच्या हेडरमध्येही. विंडोजमध्ये तो साइन्ड इंट आहे. इंट आणि लाँग तिथे रुंदीने सारखे असले, तरी सीच्या दृष्टीने ते दोन वेगळे टाइप, त्यामुळे दोन्ही हेडर एकत्र आली की कंपायलर अडतो. एक्स११ शी टक्कर टाळायला लिबजेपेगने त्या हेडरच्या गार्ड मॅक्रोचं नाव घेऊन अट घातली होती. म्हणजे चित्रं उलगडणाऱ्या लायब्ररीला खिडक्या काढणाऱ्या व्यवस्थेच्या आतल्या मॅक्रोचं नाव ठाऊक असणं भाग पडलं. लिबजेपेग-टर्बोने पुढे या टाइपचं नावच बदललं. दुखणं शेजाऱ्याच्या घरात नव्हतं. सगळ्यांना लागणारं नाव आपल्या मालकीचं समजून टाइपडेफ केलं, तिथे ते होतं. ज्या दिवशी तुमचं हेडर यू३२ किंवा बूल जाहीर करतं, त्या दिवशी तुम्ही वापरणाऱ्याच्या अंगणात खुंटी ठोकता.

आता शिडीच्या मूळ कल्पनेकडे येऊ. शिडी विचारते, तू कोण? जीसीसी असशील तर लाँग लाँग घे, मायक्रोसॉफ्टचा असशील तर तुझा अंडरस्कोरवाला इंट६४ घे. म्हणजे आडनाव विचारून माणसाची शेती किती, हे ठरवायचं. पण कंपायलर आपलं आडनाव खरं सांगतातच असं नाही. क्लँग स्वतःची ओळख जीसीसी ४.२.१ अशी देतो, कारण तसं केलं नाही तर निम्म्या जगाची हेडर त्याला दारात उभी करणार नाहीत. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा अवतार घेतलेला क्लँग मायक्रोसॉफ्टचाच मॅक्रो पुढे करतो. इंटेलचा जुना कंपायलरही लिनक्सवर जीसीसीचं नाव सांगत असे. त्यात यांचं चुकलं असं मला वाटत नाही. प्रश्नच चुकीचा विचारला गेला, म्हणून त्यांनी सोयीचं उत्तर दिलं.

शिडीची खरी लाज तिच्या शेवटच्या पायरीवर दिसते. सगळे इफडेफ संपल्यावर एक एल्स असतो. तिथे एरर टाकून थांबणारी शिडी विरळच. बहुतेक ठिकाणी एक अंदाज असतो, ‘काहीच ओळखू आलं नाही, तर हे घ्या’. नवा कंपायलर, नवा प्रोसेसर नेमका त्या पायरीवर पाय देतो. ज्याच्याबद्दल लेखकाला सर्वांत कमी माहिती आहे, त्याच्याबाबत सर्वांत गप्प राहून निर्णय घेतला जातो.

पुण्यात वाहनउद्योगासाठी एम्बेडेड कोड लिहिणाऱ्यांना हे वाचून ऑटोसार आठवेल. तिथे शिडी नाही, प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी प्लॅटफॉर्म टाइप्सची वेगळी फाइल असते आणि तिच्यात यूइंट८, यूइंट१६, यूइंट३२, बूलियन अशी नावं ठरलेली असतात. एका कंट्रोलरसाठी, एका कंपायलरसाठी ही शिस्त उत्तम आहे. पण ३२ बिटांच्या कंट्रोलरसाठीच्या अशा फायलींत यूइंट३२ म्हणजे अनसाइन्ड लाँग असं सर्रास लिहिलेलं असतं. तोच कोड चाचणीसाठी ६४ बिटांच्या लिनक्सवर आणला आणि फाइल बदलायची राहिली, तर यूइंट३२ आठ बाइटांचा होतो. ओव्हरफ्लो जिथे व्हायला हवा तिथे होत नाही आणि गाडीत जे बिघडणार आहे ते टेबलावर सुरळीत चालतं. नियमावल्या सांगतात, की साधे टाइप टाळा, रुंदी सांगणारी नावं वापरा. मिस्राचा हा सल्ला योग्यच आहे. पण नावात ३२ लिहिल्याने टाइप ३२ बिटांचा होत नाही. ते कुणीतरी तपासावं लागतं.

इथे दुसऱ्या टोकाचे लोक माझ्या मदतीला धावून येतात. त्यांची मदत मला नको आहे. ते म्हणतात, “स्टडइंट वापरा, प्रश्न मिटला.” नाही मिटला. रुंदी आणि मांडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक स्ट्रक्चर घ्या, आत पहिलं फील्ड ३२ बिटांचं, दुसरं ६४ बिटांचं, दोन्ही स्टडइंटचे. ३२ बिटांच्या एक्स८६ लिनक्सवर जीसीसी ते १२ बाइटांत बसवतो, कारण तिथल्या एबीआयमध्ये स्ट्रक्चरमधल्या ६४ बिटी पूर्णांकाला चार बाइटांची सीमा पुरते. त्याच प्रोसेसरवर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर मध्ये चार बाइट मोकळे सोडतो आणि स्ट्रक्चर १६ बाइटांचं करतो. ६४ बिटांच्या लिनक्सवरही ते १६ च. लिनक्स कर्नलला ३२ बिटी प्रोग्रॅम ६४ बिटी कर्नलवर चालवताना या चार बाइटांनी इतका त्रास दिला, की त्यासाठी आठ बाइटांच्या सीमेवर बसणारा ६४ बिटी टाइप वेगळा काढावा लागला.

एनमचीही तीच गत. एआरएमच्या बेअर-मेटल कंपायलरमध्ये एनम मावेल तेवढ्या बाइटांत बसतो, एका बाइटातही. एआरएम लिनक्सवर तो चार बाइटांचा. साधा चार हा टाइप एक्स८६ वर साइन्ड, एआरएम लिनक्सवर अनसाइन्ड. डब्ल्यूचार विंडोजवर दोन बाइट, लिनक्सवर चार. लाँग डबलबद्दल तर बोलायलाच नको. बिटफील्डांची मांडणी प्रमाणकाने कंपायलरवर सोडली आहे आणि कंपायलरांनी ती सूट मनसोक्त घेतली आहे.

मग कुणीतरी पॅक प्रॅग्मा काढतो. सगळं एकमेकांना चिकटवा, सीमेचा प्रश्नच नको. हा उपाय माझ्या मते रोगापेक्षा वाईट आहे. एक तर पॅक चालू करून बंद करायचं राहिलं, की तुमच्यानंतर इन्क्लूड झालेली दुसऱ्याची हेडरसुद्धा चिकटतात. दुसरं, चिकटलेल्या फील्डचा पत्ता घेऊन पॉइंटर फिरवला, की सीमा पाळणाऱ्या प्रोसेसरवर प्रोग्रॅम पडू शकतो. जीसीसी ९ पासून त्याबद्दल आपणहून इशारा देऊ लागला, यावरून ही चूक किती नेहमीची आहे ते कळावं.

रुंदीही नेहमी हेडरच्या हातात नसते. ऑफ_टी आणि टाइम_टी हे टाइप ३२ बिटी लिनक्सवर कंपाइल करताना दिलेल्या मॅक्रोनुसार बदलतात. जीलिबसीच्या २.३४ आवृत्तीत, २०२१ साली, टाइम_टी ६४ बिटांचा करण्याची सोय आली, कारण ३२ बिटांचा साइन्ड टाइम_टी १९ जानेवारी २०३८ ला भरतो. सोय चांगली आहे. पण ज्या लायब्ररीने आपल्या सार्वजनिक स्ट्रक्चरमध्ये टाइम_टी ठेवला होता, तिचं बायनरी रूपच ती सोय चालू करताच बदललं. डेबियनने २०२४ मध्ये हे संक्रमण हाती घेतलं तेव्हा अशा लायब्ऱ्यांच्या पॅकेजांच्या नावांना टी६४ असं शेपूट लावावं लागलं, जुनं आणि नवं चुकून एकत्र येऊ नये म्हणून. ३२ बिटी एआरएमवर बदल केला, आणि जुन्या बायनरी चालत राहाव्यात म्हणून आय३८६ ला त्यातून वगळलं. एका टाइपडेफच्या रुंदीसाठी वितरणाच्या मोठ्या भागाला पुन्हा कंपाइल व्हावं लागलं.

शिडीच्या समर्थकांचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र मी टाळणार नाही. तो आहे कर्ल या लायब्ररीचा. कर्लला मोठ्या फायलींसाठी स्वतःचा ६४ बिटी टाइप हवा होता. बरीच वर्षं तो एका जनरेट केलेल्या हेडरमध्ये असे. लायब्ररी बांधताना कॉन्फिगर स्क्रिप्ट कंपायलरला प्रत्यक्ष तपासून ते हेडर लिहायची. म्हणजे नाव न विचारता गुण तपासणं, मी सांगतो तेच. आणि २०१७ मध्ये कर्लने ते सोडून दिलं आणि एका स्थिर फाइलीत सरळ शिडी लिहिली, बोर्लंड, वॉटकॉम, मायक्रोसॉफ्ट, जीसीसी अशी.

कारण खरं होतं. जनरेट केलेलं हेडर प्रत्येक आर्किटेक्चरवर वेगळं निघतं. एकाच यंत्रावर ३२ आणि ६४ बिटी दोन्ही पॅकेजं बसवायची, तर एकाच जागी दोन फायली भांडतात. फेडोरासारख्या वितरणांना त्यासाठी मध्ये एक वेष्टण-हेडर घालावं लागत होतं. जीलिब या लायब्ररीने (जीलिबसी नव्हे) हाच प्रश्न आपलं जनरेट केलेलं हेडर इन्क्लूडऐवजी लिब डिरेक्टरीत ठेवून सोडवला. तेव्हा बांधताना तपासून लिहिलेलं हेडर हे सार्वत्रिक उत्तर नाही, हे मी कबूल करतो. पण कर्लची शिडी नीट पाहा. ती जवळजवळ एकाच टाइपसाठी आहे आणि त्याच्या नावाला कर्लचा उपसर्ग आहे. सगळ्या प्रोग्रॅमला पुरतील अशा यू८-यू१६ च्या पंगती तिने वाढलेल्या नाहीत. ती लिहिली, कारण कर्लला सी८९ चे कंपायलरही सोडायचे नव्हते. आणि तिच्या तळाशी, शेवटच्या एल्समध्ये काय होतं? लाँग, आणि वर टीप, की हा जुन्या ३२ बिटी धाटणीचा ‘सुरक्षित’ अंदाज आहे. इतक्या सावध माणसांच्या शिडीतही शेवटची पायरी अंदाजाचीच होती.

कर्नलचा दाखलाही दिला जातो. लिनक्स कर्नल यूझरस्पेसला जी हेडर देतं त्यात दोन अंडरस्कोरवाला यू३२ आहे, स्टडइंट नाही. मग आम्ही आमचा यू३२ केला तर काय बिघडलं? बिघडलं ते हे, की कर्नलच्या हेडरांना सी लायब्ररीच्या हेडरांखाली बसावं लागतं आणि तिथे वापरणाऱ्याची नावं अडवायला प्रमाणकाची परवानगी नाही. दोन अंडरस्कोरची नावं याच थरासाठी राखून ठेवलेली आहेत. तुमची लायब्ररी त्या थरात नाही. राखीव डब्यात चढण्याआधी आपलं तिकीट तपासावं.

शिडी नको तर काय, या प्रश्नाचं उत्तर नीरस आहे. शक्य तिथे स्ट्रक्चर बाहेर दाखवूच नये. एसक्यूलाइट तुम्हाला डेटाबेसचा पॉइंटर देतं, आत काय आहे ते सांगत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्या मांडणीवर वाद होत नाही. दाखवावंच लागलं, तर त्यात स्टडइंटचे टाइप असावेत. लाँग, एनम, बूल, टाइम_टी, बिटफील्ड नसावं. मधली मोकळी जागा कंपायलरवर न सोडता राखीव फील्ड म्हणून नाव देऊन लिहावी, वर सांगितलेल्या १२ आणि १६ च्या भांडणाचा तिथेच निकाल लागतो. पुढे फील्डं वाढण्याची शक्यता असेल, तर आकार सोबत घ्यावा. विंडोजने हे अनेक स्ट्रक्चरांच्या पहिल्या फील्डमध्ये केलं, लिनक्सने क्लोन३ आणि ओपनॅट२ या अलीकडच्या सिस्टम कॉलमध्ये आकार वेगळा मागून केलं. नवा टाइप करायचाच तर त्याला लायब्ररीचा उपसर्ग द्यावा.

आणि सर्वांत महत्त्वाचं, स्ट्रक्चरच्या लगेच खाली, त्याच हेडरमध्ये, आकार आणि प्रत्येक महत्त्वाच्या फील्डचा ऑफसेट स्टॅटिक असर्टने बांधून टाकावा. सी११ पासून ही सोय भाषेतच आहे. त्याआधीही लोक आकार जुळला नाही तर उणे एक लांबीचा अ‍ॅरे जाहीर करून तेच साधत होते, त्यामुळे जुन्या कंपायलरची सबब चालणार नाही. ही तपासणी लायब्ररीच्या आतल्या चाचण्यांत ठेवली तर तिचा अर्धाच उपयोग. ती वापरणाऱ्याच्या कंपायलरवर, त्याच्या स्विचांसह, त्याच्या इन्क्लूडच्या क्रमात चालली पाहिजे, आणि तिथे पोचते ती फक्त हेडर फाइल.

यावर शेवटची हरकत येते ती एम्बेडेडवाल्यांची. “आमच्या कंपायलरमध्ये यूइंट८_टी नाहीच. तुमचं हेडर आमच्याकडे कंपाइलसुद्धा होणार नाही.” टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या सी२८एक्स मालिकेत चार हा टाइप १६ बिटांचा आहे, साइझऑफ इंट १ येतो आणि आठ बिटांचा टाइप अस्तित्वातच नाही. प्रमाणकाने नेमक्या रुंदीचे टाइप ऐच्छिक ठेवले ते अशाच यंत्रांसाठी. यू८ म्हणजे अनसाइन्ड चार असं लिहिणारी शिडी तिथे एकही शब्द न काढता कंपाइल होईल, यू८ १६ बिटांचा होईल, २५५ नंतर शून्यावर न येता २५६ दाखवेल आणि पॅकेटचा चेकसम चुकेल. माझं हेडर तिथे पहिल्याच ओळीवर अडेल, आणि ते अडावं म्हणूनच मी ते तसं लिहिलं आहे.